अंदमानांतील साडेतीन वर्षें

परदेशगमन करून आलेल्या माणसानें नाशिकास यावें, गोदावरींत स्नान करावें, प्रायश्चित्त घ्यावें आणि मगच जातीच्या पंक्तीला बसावें, ही चाल सव्वाशें वर्षांपूर्वीं आपल्याकडे अगदीं जिवंत होती. १८९१ सालीं विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या वडील बंधूंनीं याच कामासाठीं नाशिकास आणलें होतें. पुढें वीस वर्षें लोटलीं नाहींत तोंच याच नाशिकांतून माणसें समुद्रापार धाडलीं जाऊं लागलीं. तीं मात्र परत येऊं नयेत म्हणून! "काळें पाणी" हा शब्द तोंपर्यंत आमच्या घरांतून धर्मशास्त्राच्या चर्चेंत येत असे, तेव्हांपासून तो कोर्टाच्या निकालांत येऊं लागला.

यामुळें अंदमान हें नांव नाशिककरांस नवें नाहीं. भगूरच्या सावरकर बंधूंपैकीं वडील बाबाराव यांस १९०९ सालीं जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षीं २१ डिसेंबरच्या रात्रीं विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडण्यांत आल्या. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. त्याच प्रकरणांतील वामन जोशी यांची अंदमानांत रवानगी झाली. आणि ४ जुलै १९११ रोजीं तात्याराव सावरकर 'महाराजा' बोटींतून पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर उतरले. हा इतिहास आमच्याकडील शाळकरी मुलांनासुद्धां ठाऊक असतो. म्हणूनच नाशिकचें कुटुंब अंदमानास निघालें म्हणजे शेजारीपाजारी तें सहलीस निघालें असें म्हणत नाहींत, यात्रेस निघालें असें म्हणतात.

आम्हीही त्याच भावनेनें गेलों. परंतु यात्रेकरूची एक खोड असते. ज्या देवतेसाठीं तो घर सोडतो तिच्या गाभाऱ्यापलीकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. वाटेंत लागलेल्या लहान देवळापुढें तो उभ्या उभ्या हात जोडतो आणि पुढें चालूं लागतो. अंदमानांत असें एक देऊळ आहे. तें त्याच तुरुंगाच्या आवारांत आहे, त्याच भिंतींत आहे. आणि तरीहि शंभरांतील नव्वद यात्रेकरू तें न पाहतां परत येतात, असें मला तेथें गेल्यावर दिसून आलें.

बेटांचीं नांवें आतां बदललीं आहेत. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम् म्हणतात. २०१८ च्या डिसेंबरांत रॉसचें नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅव्हलॉकचें स्वराज द्वीप व नीलचें शहीद द्वीप असें नामांतर झालें. जुनी हकीकत सांगावयाची असल्यामुळें मीं येथें जुनींच नांवें ठेविलीं आहेत. मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, बोटीनें गेल्यास तीनएक दिवस लागतात, विमानानें सव्वादोन तास. विमानतळास वीर सावरकरांचें नांव आहे. तें वाचून आमच्या मुलांना अर्थातच आनंद झाला. मला मात्र त्या जागेची पूर्वपीठिका ठाऊक होती. पोर्ट ब्लेअरच्या लांबालाइन नांवाच्या या सपाटीवर पहिली धांवपट्टी तयार झाली ती दुसऱ्या महायुद्धांत, जपान्यांच्या हुकमानें. आणि तिच्यासाठीं माती वाहिली ती बेटावरच्या लोकांनीं, वेठीनें.

सेल्युलर जेलचें वर्णन मराठी वाचकांस मीं काय सांगावें? १८९६ ते १९०६ अशीं दहा वर्षें त्याचें बांधकाम चाललें होतें. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या तीन मजली सात चाळी, त्यांत ६९३ कोठड्या, आणि प्रत्येक चाळीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्यास दुसऱ्याचें तोंड दिसूं नये. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगांत असून एकमेकांचा पत्ता कित्येक महिने लागूं नये अशी ती रचना! आज सातांपैकीं तीन चाळी उरल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजीं त्यांस राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. तिसऱ्या मजल्याच्या टोकाशीं असलेल्या सावरकरांच्या कोठडींत आमच्यांतील वडीलधाऱ्यांनीं जोडे बाहेर काढून प्रवेश केला. तें कोणी सांगितलें नव्हतें. कोलूच्या छपरीखालीं मात्र मुलें अधिक वेळ रेंगाळलीं. बैलाच्या जागीं माणूस जुंपला होता हें त्यांना पुन्हा पुन्हा पाहावेंसें वाटत होतें.

येथवर सारें अपेक्षेप्रमाणें झालें. दुसऱ्या दिवशीं आम्ही रॉस बेटावर गेलों. ॲबर्डीनच्या धक्क्यावरून होडीनें दहापंधरा मिनिटांची वाट. १८५८ पासून १९४२ पर्यंत या एवढ्याशा बेटावर इंग्रजांची राजधानी होती. चर्च, छापखाना, नाचघर, पाव भाजण्याची भट्टी, सर्व कांहीं. आतां त्या भिंतींना वडापिंपळाच्या मुळ्यांनीं असें कवटाळलें आहे कीं भिंत झाडाला धरून आहे कीं झाड भिंतीला, हें सांगतां येऊं नये. चितळें अंगाशीं येऊन उभीं राहतात. पाण्याच्या बाजूला सिमेंटचा एक बुटका, जाड, काळवंडलेला घुमट आहे. समुद्राकडे त्याला एक आडवी फट. आमच्या धाकट्यानें त्या फटींतून डोकावून विचारलें, "हेंही इंग्रजांचेंच का?" तेव्हां बरोबरचा वाटाड्या म्हणाला, "नाहीं, हें जपान्यांचें." एवढें बोलून तो पुढें मोरांकडे वळला. अशीं मोर्चेबंदीचीं ठाणीं कॉर्बिन्स कोव्हच्या वाळवंटापाशीं व आसपासच्या किनाऱ्यावर आणखीहि आहेत. लोक त्यांच्या सांवलींत नारळपाणी पितात.

या घुमटांची हकीकत अशी.

राजबंद्यांच्या उपोषणांनीं देश हालला तेव्हां सरकारनें त्यांना मुख्य भूमीवर परत आणावयास घेतलें, आणि १९३८ च्या जानेवारीपर्यंत शेवटची तुकडी परतली. कोठड्या साध्या कैद्यांसाठीं उरल्या. पुढें २६ जून १९४१ रोजीं मोठा भूकंप होऊन रॉसवरील पुष्कळ इमारतींना तडे गेले. त्यांतून सांवरतात न सांवरतात तोंच १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें, ८ मार्चला रंगून पडलें. रंगूनचा समुद्रमार्ग ज्याला राखावयाचा त्याला अंदमान हातीं असणें भाग होतें. इंग्रजांनीं हें ओळखून आपली फौज व बहुतेक गोरे अधिकारी आधींच काढून घेतले, आणि २३ मार्च १९४२ रोजीं पहाटे जपानी फौज एक गोळीहि न झाडतां पोर्ट ब्लेअरांत उतरली. पंधरवड्यानें विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब पडले, मद्रासेंतून लोकांनीं गांवाकडे पळ काढला; आपल्या वडीलमंडळींच्या आठवणींत तेवढा भाग असतो. परंतु हिंदुस्थानची जी भूमि खरोखरच शत्रूच्या हातीं गेली व साडेतीन वर्षें राहिली, तिची आठवण कोणालाच नसते!

पहिल्या दिवशीं लोकांनीं जपान्यांचें स्वागतच केलें. तें स्वाभाविकहि होतें. ते आशियाई होते, इंग्रजांना हांकलून आले होते, आणि त्यांनीं तुरुंगाचे दरवाजे उघडून कैदी मोकळे केले होते. हा आनंद कांहीं दिवसांतच मावळला. शिपाई कोंबड्या व अंडीं लुटण्यासाठीं घरांत शिरूं लागले तेव्हां झुल्फिकार अली नांवाच्या एका तरुणानें संतापून आपल्या हवाई बंदुकीचा बार काढला. इजा कोणासच झाली नाहीं. परंतु गांव जाळण्याची धमकी देऊन जपान्यांनीं त्याला हुडकून काढलें आणि ॲबर्डीनच्या मैदानांत चारचौघांदेखत, आधीं अनन्वित छळ करून, गोळ्या घातल्या. तेथें त्याची कबर आहे. मागें राहिलेला इंग्रज अधिकारी मेजर बर्ड याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवून त्याचाहि असाच भर मैदानांत शिरच्छेद करण्यांत आला.

खरा अनर्थ ओढवला तो हेरांच्या संशयानें. जपान्यांचीं रसद आणणारीं जहाजें दोस्तांच्या पाणबुड्या बुडवूं लागल्या. बातमी कोण देतो? जपान्यांच्या मनानें घेतलें कीं बेटावरचेच लोक. वास्तविक जानेवारी १९४३ मध्यें पोर्ट ब्लेअरचाच एक माजी पोलीस अधिकारी, डेनिस मॅकार्थी, कांहीं साथीदारांसह डच पाणबुडींतून अंदमानच्या निर्जन किनाऱ्यावर उतरला होता आणि टेहळणी करून सुखरूप परतलाहि होता. तो हातीं लागला नाहीं. हातीं लागले ते शाळामास्तर, कारकून, दुकानदार. सेल्युलर जेलच्या ज्या कोठड्यांतून पांच वर्षांपूर्वीं देशभक्त बाहेर पडले होते त्यांत आतां हे लोक कोंबण्यांत आले. तेथें जें झालें त्याचें तपशीलवार वर्णन मी या पानांत करणार नाहीं. हें मासिक घरांतील सर्वांच्या हातीं जातें. वेदनेनें अर्धमेला झालेला मनुष्य दुसऱ्याचें नांव घेई, दुसरा तिसऱ्याचें. आणि अशा रीतीनें यादी वाढत जाई, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. नारायण राव नांवाचे पोलीस अधिकारी व त्यांच्याबरोबरचे कित्येक जण १९४३ सालीं असेच मारले गेले.

या सर्वांत एका पुरुषाचें चरित्र मनांत घर करून राहतें. डॉक्टर दिवाण सिंग हे मूळचे सियालकोटकडील. सरकारी नोकरींत असतां १९२७ सालीं त्यांची बदली अंदमानास झाली. पंजाबी भाषेंत मुक्तछंदाची कविता रुळविणाऱ्या पहिल्या कवींत त्यांची गणना होते. 'वगदे पाणी', म्हणजे वाहतें पाणी, हा त्यांचा संग्रह १९३८ सालचा. पोर्ट ब्लेअरांत त्यांनीं सर्व जातिधर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन गुरुद्वारा उभारला, त्यांत मुलांसाठीं शाळा चालविली, आणि जपानी अंमलांत हिंदी स्वातंत्र्य संघाच्या स्थानिक शाखेचें अध्यक्षपद पत्करलें. हें पद जपान्यांची तळी उचलण्यासाठीं त्यांनीं घेतलें नव्हतें. लोकांच्या तक्रारी घेऊन ते अधिकाऱ्यांच्या दारीं जात, पकडलेल्यांसाठीं रदबदली करीत. २३ ऑक्टोबर १९४३ रोजीं त्यांनाच धरण्यांत आलें. हेरगिरीची कबुली त्यांनीं दिली नाहीं, आणि दुसऱ्या कोणाचें नांवहि घेतलें नाहीं. ब्यायशीं दिवस हा प्रकार चालला. १४ जानेवारी १९४४ रोजीं त्याच तुरुंगांत त्यांचा अंत झाला.

आतां या तारखा थोड्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या लागतात. ६ नोव्हेंबर १९४३ रोजीं जपानचे पंतप्रधान तोजो यांनीं अंदमान-निकोबार बेटें आझाद हिंद सरकारच्या स्वाधीन करण्याची घोषणा केली. २९ डिसेंबरला नेताजी सुभाषचंद्र पोर्ट ब्लेअरांत आले; ३० डिसेंबरला जिमखान्याच्या मैदानावर त्यांनीं तिरंगा फडकविला. सेल्युलर जेलहि त्यांना दाखविण्यांत आला. त्याच वेळीं त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या भागांत दिवाण सिंग व त्यांचे सोबती पडून होते. नेताजींभोंवतीं जपानी अधिकाऱ्यांचें कडें असे. सामान्य माणसास त्यांच्याजवळ पोहोंचतां आलें नाहीं. नेताजींची तसबीर आमच्या घरीं सावरकरांच्या तसबिरीशेजारीं आहे आणि ती तेथेंच राहील. परंतु तीन दिवस राहून ते गेले, आणि ध्वजारोहणास बरोबर एक महिना झाला त्या दिवशीं, ३० जानेवारी १९४४ ला, तुरुंगांतील ४४ माणसांना मोटारींत घालून होम्फ्रेगंजच्या टेकडीवर नेण्यांत आलें. तेथें एक चर खणून ठेवलेला होता. त्याच्या कांठीं उभें करून त्यांना गोळ्या घातल्या आणि वरून माती लोटली. त्यांतील अनेक जण हिंदी स्वातंत्र्य संघाचेच सभासद होते, ही गोष्ट वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलों होतों.

नेताजींनीं नेमलेले मुख्य आयुक्त कर्नल लोकनाथन् फेब्रुवारींत येऊन पोहोंचले. पोलीस खातें जपान्यांनीं त्यांच्या हातीं दिलें नाहीं. मिळालें तें शिक्षणखातें! हताश होऊन कांहीं महिन्यांनीं ते परत गेले. हातीं सत्ता नसलेल्या सज्जन माणसास अशा जागीं काय वाटलें असेल याची कल्पना करवत नाहीं.

शेवटचें वर्ष उपासमारीचें. जहाजें येईनाशीं झालीं, तांदूळ संपला. लोकांना जंगल तोडून रताळीं लावावयास जुंपलें. लोक पाला व कंदमुळें खाऊं लागले. बेटावर पावसांत जिकडेतिकडे दिसणारी ती मुठीएवढी आफ्रिकी गोगलगाय जपान्यांनीं खाण्यासाठीं आणलेली, असें तेथील शेतकरी सांगतात. ती अजून त्यांच्या भाजीपाल्याचा फडशा पाडीत आहे. ऑगस्ट १९४५ मध्यें, म्हणजे जपानची शरणागति अगदीं दारांशीं आली असतां, खाणारीं तोंडें कमी करण्याचा एक उपाय योजण्यांत आला. वृद्ध व अशक्त असे शेंकडों स्त्रीपुरुष "तुम्हांस नवी जमीन देतों" असें सांगून बोटींवर चढविले, हॅव्हलॉकच्या किनाऱ्याबाहेर नेले आणि रात्रीं खोल पाण्यांत ढकलून दिले. पोहून कांठाला लागले त्यांना निर्मनुष्य बेटावर अन्नपाण्यावांचून मरण आलें. जिवंत राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हॅव्हलॉकच्या राधानगरचें वाळवंट आज आशियांतील सुंदर किनाऱ्यांत गणलें जातें, आणि तें सुंदर आहेहि. पाणी इतकें निवळ कीं कंबरभर पाण्यांतून पायाचीं बोटें दिसावीं. नवविवाहित जोडपीं तेथें पुष्कळ येतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालावें असें मला वाटलें नाहीं, म्हणून मुलांना ही हकीकत मीं तेथें न सांगतां परतीच्या बोटींत सांगितली.

ऑक्टोबर १९४५ मध्यें ब्रिगेडिअर सॉलोमन्सच्या हाताखालची हिंदी पलटण बेटांवर उतरली आणि जिमखान्याच्या त्याच मैदानावर जपानी सेनापतींनीं तरवारी खालीं ठेविल्या. पुढें सिंगापुरास खटले चालून कांहीं अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. अंदमानची बंदिवसाहत याच वेळीं कायमची मोडण्यांत आली.

मग हें सर्व आपणांस ठाऊक कां नाहीं? एक कारण उघड आहे. जातांना जपान्यांनीं दफ्तर जाळून टाकलें. जें राहिलें तें वाचलेल्यांच्या तोंडीं. दुसरें कारण मला अधिक खरें वाटतें. मेलेले लोक बहुतांशीं काळ्या पाण्यावर आलेल्या कैद्यांचीं मुलेंनातवंडें होतीं. त्यांच्या आज्यापणज्यांस मुख्य भूमीनें एकदां टाकलें होतें. नाशिकास, लाहोरास किंवा कलकत्त्यास त्यांच्यासाठीं डोळे लावून बसलेलें कोणी नव्हतें. तात्यारावांच्या सुटकेसाठीं सभा भरल्या, ठराव झाले, सह्या गोळा झाल्या. यांच्यासाठीं दिल्लीस साधी तार करावयासहि कोणी नव्हतें. शिवाय मारणारा आपल्या शत्रूचा शत्रु! अशा मरणाची गोष्ट सांगतांना कोणाला दूषण द्यावें व कोणाचा जयजयकार करावा हें ठरत नाहीं, आणि तें ठरल्याशिवाय आमच्या व्याख्यानांचा आरंभ होत नाहीं.

होम्फ्रेगंज शहराबाहेर, वंडूरच्या रस्त्यावर आहे. वंडूरला प्रवाळ पाहण्यासाठीं पुष्कळ गाड्या जातात, त्या येथें थांबत नाहींत. गाडीवाल्यास आधीं सांगून ठेवावें लागतें. आमच्या गाडीवाल्यानें "तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं" असें दोनदां बजावलें. रस्त्यापासून थोडें वर एक साधी बलिदानवेदी आहे, भोंवतीं कुंपण, आणि मारल्या गेलेल्यांच्या नांवांची यादी. हिंदु, मुसलमान, शीख व ख्रिस्ती नांवें तींत मिसळून आहेत. आम्ही गेलों तेव्हां तेथें दुसरें कोणी नव्हतें. सेल्युलर जेलमध्यें वाहण्यासाठीं घरून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याची लहान कुपी आमच्या वडीलमंडळींनीं तेथें अर्धीच वापरली होती. उरलेलें पाणी त्यांनीं या चराच्या जागीं वाहिलें, आणि मुलांकडून तीं सर्व नांवें मोठ्यानें वाचवून घेतलीं. चव्वेचाळीस नांवें वाचावयास फार वेळ लागत नाहीं. गाडीवाला खालीं उभा होता, तो मधूनच वर आला आणि शेवटचीं कांहीं नांवें संपेपर्यंत टोपी काढून उभा राहिला.